‘इतर’ नावाची रांग

नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. ग्रुप डिस्कशनमध्ये तो हमखास निघतो आणि ‘इंटरनेट सगळ्यांना समान हवं’ या वाक्यावर दोन मिनिटांत सगळ्यांचं एकमत होऊन विषय संपतो. मीही एका मॉक जीडीत हेच वाक्य टाकून शाबासकी मिळवली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी मी स्वतः आमच्या होस्टेलच्या नेटवर्कवर असा एक नियम लिहिला, की त्यामुळे एका गावाचा आवाज तीन आठवडे बंद पडला. कुणाचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं. गंमत म्हणजे (आता गंमत म्हणायचं, तेव्हा नव्हती) मी काय करून ठेवलंय हे मला कळलं नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाही कळलं नाही. हा लेख त्याबद्दल आहे. पण आधी थोडा अभ्यास, कारण मी नेमकं काय केलं होतं हे मलाही नंतर वाचूनच समजलं.

टेलिकॉम स्विचिंगच्या पुस्तकात सुरुवातीलाच स्ट्रॉजर एक्स्चेंज असतं. आकृती पाठ करायची, नावं द्यायची, मार्क घ्यायचे. पण ते कुणी आणि का बनवलं हे आपण कधी विचारत नाही. आल्मन स्ट्रॉजर हा इंजिनिअर नव्हताच. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये त्याचा अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा होता. त्या काळी फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाईंना सांगायचं, मग त्या हाताने जोडून देणार. गोष्ट अशी सांगतात, की आपल्याला येणारे फोन त्या बाई आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे जोडतात असा स्ट्रॉजरला संशय आला. त्या बाई म्हणे त्या प्रतिस्पर्ध्याच्या बायकोच होत्या! खरंखोटं स्ट्रॉजरला ठाऊक, पण भांडत बसण्याऐवजी त्याने ऑपरेटरची गरजच उरणार नाही असं यंत्र शोधून काढलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं. या यंत्राला कोण कुणाचा नातेवाईक ते कळत नाही. ते बिचारं फक्त पल्स मोजतं.

इंटरनेटही मुळात असंच ‘बिचारं’ बनवलेलं आहे. १९८१ साली एमआयटीच्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी एक पेपर मांडला. कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या लेक्चरला ‘एंड टू एंड’ तत्त्व म्हणून जे शिकवतात ते हेच. सारांश असा, की शहाणपण दोन टोकांच्या मशीनमध्ये ठेवा, मधलं जाळं साधं ठेवा. मधल्या राउटरचं काम पोस्टमनचं. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि पुढे टाकायचं. आत प्रेमपत्र आहे की फीची पावती, हे बघायचं नाही.

मात्र एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सगळी पाकिटं सारखी हा काही तारेचा निसर्गनियम नाही. आयपी हेडरमध्ये ‘टाइप ऑफ सर्व्हिस’ नावाचे आठ बिट १९८१ पासूनच आहेत. म्हणजे कोणतं पाकीट आधी न्यायचं हे सांगायची सोय पहिल्यापासून होती, फक्त फारशी कुणी वापरली नाही. राउटरची ताकदही तेव्हा बेताची होती, प्रत्येक पाकीट फोडून बघणं त्याला झेपलंच नसतं. पुढे प्रोसेसर स्वस्त झाले, पाकीट धावता धावता उघडून वाचणारी यंत्रं बाजारात आली, आणि जी केवळ सवय होती तिचा नियम करायची गरज पडली. २००३ साली टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने आपल्या निबंधात त्याला ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ असं नाव दिलं.

आता हे कुणाच्या कामाचं? मोठ्या कंपन्या आपलं बघून घेतात. त्यांच्याकडे वकील आहेत, जागोजागी सर्व्हर आहेत. प्रश्न येतो तो ज्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि बाकी काही नाही, अशा लोकांचा.

रेडिओचंच घ्या. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. एवढा मोठा निकाल, पण लहरी लोकांच्या हातात यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आधी फक्त शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या अखेरीस. आंध्रच्या मेदक जिल्ह्यात (आता तो भाग तेलंगणात आहे) डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटीच स्टुडिओ उभा केला होता, पण परवाना नाही. मग काय, बायका कार्यक्रम कॅसेटवर रेकॉर्ड करायच्या आणि गावोगावच्या संघम बैठकांमध्ये टेपवर लावायच्या. संघम रेडिओ खऱ्या अर्थाने हवेत गेला तो १५ ऑक्टोबर २००८ ला. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं यंत्र तयार, माणसं तयार, आणि वाट कशाची बघायची? तर कागदाची. मिळाल्यावरही ताकद १०० वॅट, टॉवर ३० मीटरपर्यंत, आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा ऐकवता येतात.

छत्तीसगडमध्ये वेगळी वाट निघाली. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केलं. युक्ती किती साधी बघा. साध्या मोबाइलवरून एका नंबरला फोन करायचा. बोलायचं असेल तर एक दाबा, ऐकायचं असेल तर दोन दाबा. कुणी गोंडीत, कुणी हिंदीत आपली तक्रार, बातमी, गाणं सांगून ठेवतं. ते तपासून घेतलं, की इतरांना फोनवर आणि इंटरनेटवर ऐकता येतं. हातपंप बंद आहे, मास्तर येत नाहीत, रोजगार हमीची मजुरी मिळाली नाही, असल्या ‘बातम्या’ कोणत्या चॅनलवर येणार? चॅनलला गोंडी येत नाही. पुढे त्यांनी ‘बुल्टू रेडिओ’ काढला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ. जिथे नेट आहे तिथे कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि मग फोनवरून फोनवर, हाताहाताने पुढे सरकवायचा.

अशी उदाहरणं बाहेरही आहेत. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीविरुद्ध निदर्शनं झाली, तेव्हा कार्यकर्त्यांनी ‘इंडीमीडिया’ उभं केलं. रस्त्यावरचा कुणीही आपला फोटो, आपलं वृत्त तिथे टाकू शकत होता. २००० साली दक्षिण कोरियात ‘ओहमायन्यूज’ ७२७ नागरिक वार्ताहरांवर सुरू झालं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तारेच्या मालकाची परवानगी यांना मागावी लागली नाही. संघम रेडिओला दहा वर्षं जो कागद मिळाला नाही, तो इथे लागलाच नाही.

आता आमच्या होस्टेलकडे येतो.

आमच्याकडे गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाकडचा एक ज्युनियर आहे. घरी माडिया बोलतात, मराठी तो आश्रमशाळेत शिकला. सीजीनेटबद्दल त्याने शाळेत असताना ऐकलं होतं. त्यावरून त्याने आणि गावाकडच्या चार मित्रांनी एक उद्योग सुरू केला. आठवडाभर गावातली पोरं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाठवतात. कुणाच्या आजीची गोष्ट, नदीवरच्या पुलाचं काम कुठवर आलं, रेशन कधी येणार, कोण दहावी पास झालं. हा शुक्रवारी रात्री बसून ते कापतो, जोडतो, आणि अर्ध्या तासाची फाईल करून एका भाड्याच्या स्वस्त सर्व्हरवर चढवतो. शनिवारी एक मित्र तालुक्याला रेंजमध्ये येऊन ती उतरवतो आणि गावी नेतो. पुढे बुल्टू. व्हॉट्सअ‍ॅपवर का टाकत नाहीस, असं मी त्याला विचारलं होतं. तर म्हणाला, “दादा, ग्रुपमधली फाईल महिन्याने कुणालाच सापडत नाही. सर्व्हरवर पहिल्या भागापासून सगळं ओळीने राहतं.” फाईल साधारण ४० एमबीची. कार्यक्रमाला नाव नाही. तो नुसतं ‘आमची बडबड’ म्हणतो.

आणि मी होस्टेलच्या नेटवर्क कमिटीत. सुमारे तीनशे पोरं, ५० एमबीपीएसची एक लाइन. रात्री नऊनंतर नुसता गोंधळ. लेक्चरचे व्हिडिओ अडकतात, अशा तक्रारी सरांपर्यंत गेल्या. सर म्हणाले, काहीतरी कर. मी एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि दोन रात्री जागून ट्रॅफिकच्या तीन रांगा केल्या. पहिली रांग लेक्चरच्या साइट्स आणि कॉलेजचा सर्व्हर, ३० एमबीपीएस. दुसरी रांग ‘ओळखीच्या’ साइट्स, १९ एमबीपीएस. तिसरी रांग ‘इतर’, १ एमबीपीएस. ‘इतर’मध्ये टोरेंटवाले असणार हे गृहीत धरून त्या रांगेला दुसऱ्याची रिकामी जागाही वापरता येणार नाही, अशी व्यवस्था केली. ओळखीच्या साइट्स कोणत्या, हे ठरवायला मी मागच्या महिन्याचा लॉग काढला आणि सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या चाळीस साइट्स उचलल्या. यात मला काहीच गैर वाटलं नाही. जिथे जास्त लोक जातात ते महत्त्वाचं, इतकं साधं! मला कुणी लाच दिली नव्हती, कोणत्याही कंपनीचा फोन आला नव्हता. तरीही माझ्या यादीत होते ते सगळे आधीच मोठे होते, आणि माझ्या नियमामुळे ते आणखी जलद झाले.

तक्रारी बंद झाल्या. कमिटीला वडापावची पार्टी मिळाली.

दुसऱ्या आठवड्यात ज्युनियर मेसच्या पायरीवर भेटला. “दादा, माझी फाईल जात नाहीये. अर्ध्यात तुटते.” मी त्याच्या लॅपटॉपवर दहा मिनिटं बघितलं आणि ऐटीत सांगितलं, “टाइमआउट वाढव. स्क्रिप्टमध्ये बग असेल.” तो बिचारा स्क्रिप्ट पुन्हा लिहायला बसला. तरी जाईना. मग त्याने आवाजाचा दर्जा कमी केला. आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायला लागला, आणि तीही फाईल पूर्ण गेली नाही. तीन शनिवार गेले. गावात लोक म्हणायला लागले, शहरात गेला, आता त्याला कुठला वेळ. हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा तो फक्त ‘बग सापडत नाहीये’ एवढंच म्हणत होता.

इथे अमेरिकेतली एक हकीकत सांगायलाच हवी, कारण ती वाचताना मला घाम फुटला होता. ऑरेगॉन राज्यात रॉब टोपोल्स्की नावाचे एक गृहस्थ होते. सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचं काम, नेटवर्कचं ज्ञान भरपूर, आणि छंद ‘बार्बरशॉप क्वार्टेट’चा. म्हणजे चार पुरुष वाद्यांशिवाय मिळून गातात ते जुन्या धाटणीचं गाणं. शंभर वर्षांपूर्वीची, कॉपीराइट संपलेली गाणी इतरांना मिळावीत म्हणून ते ती फाईल शेअरिंगवर ठेवत होते. २००७ साली त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडून फाईल जातच नाही. त्यांनीही आधी आपल्याच मशीनमध्ये दोष शोधला. मग पॅकेट पकडून बघितली, तेव्हा त्यात टीसीपीचे ‘रिसेट’ पॅकेट दिसले.

रिसेट म्हणजे काय? टीसीपी जोडणीत एका टोकाने आरएसटी बिट लावून पॅकेट पाठवलं, की दुसरं टोक समजतं, समोरच्याने फोन आपटला. जोडणी तिथल्या तिथे संपते. पण इथे दोन्ही टोकांना पॅकेट पकडून पाहिली, तर दोघांनीही रिसेट पाठवलेलं नव्हतं! मग आलं कुठून? मधूनच. त्यांची इंटरनेट कंपनी कॉमकास्ट हे बनावट पॅकेट तयार करून दोघांच्या नावाने एकमेकांना पाठवत होती. कल्पना करा, तुम्ही मित्राशी फोनवर बोलताय आणि मधला ऑपरेटर हुबेहूब मित्राच्या आवाजात म्हणतो, “चल, ठेवतो रे.” आणि तिकडे मित्राला तुमच्या आवाजात तेच. दोघांनाही वाटणार, समोरच्यालाच बोलायचं नाहीये. स्ट्रॉजरच्या ऑपरेटर बाई परवडल्या!

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी घेतली. कॉपीराइटचा प्रश्नच येऊ नये म्हणून त्यांनी बायबलची जुनी इंग्रजी प्रत पाठवून पाहिली. तीही अडवली गेली. तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, फेब्रुवारी २००८ मध्ये हार्वर्डला सुनावणी ठेवली, तर जागा धरून ठेवायला कॉमकास्टने पैसे देऊन माणसं बसवल्याचं कंपनीलाच मान्य करावं लागलं. (आपल्याकडे सभेला ट्रक भरून माणसं आणतात, तशातला प्रकार.) ऑगस्ट २००८ मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीला दोषी धरलं. कंपनी कोर्टात गेली आणि २०१० साली जिंकलीसुद्धा, कारण आयोगाला असा अधिकारच नाही असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पण तोवर कंपनीने पद्धत बदलली होती. कोणता प्रोटोकॉल आहे हे न बघता, गर्दीच्या वेळी जो फार जास्त वापरतोय त्याचा वेग थोडा वेळ कमी करायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला त्या हकिकतीत टोचलं ते हे, की टोपोल्स्कींसारखा जाणकार माणूस होता म्हणून हे सापडलं. बाकी हजारो लोकांनी ‘आपलं मशीन खराब आहे’ असं समजून सोडून दिलं असणार. वर्तमानपत्रावर बंदी आली तर निदान पहिलं पान कोरं दिसतं, आरडाओरडा करता येतो. वेग कमी केला तर काहीच दिसत नाही. माणूस स्वतःलाच दोष देतो.

आमचा बग सापडला तो दिवाळीच्या सुट्टीत. ज्युनियर गावी जायला निघाला, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होता. सहज मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्याने जुनीच स्क्रिप्ट चालवली. दोन मिनिटांत फाईल गेली. त्याने तिथूनच मला फोन केला. “दादा, बग माझ्याकडे नाहीये. बग होस्टेलमध्ये आहे.”

मी गेटवेवर जाऊन आकडे काढले. त्याचा सर्व्हर माझ्या चाळिसांच्या यादीत नव्हता, असणारही नव्हता. म्हणजे तो ‘इतर’. शुक्रवारी रात्री त्या एका एमबीपीएसमध्ये तीसेक जोडण्या असायच्या, बहुतेक टोरेंटच्या. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ३० केबीपीएस. ४० एमबी म्हणजे ३२० मेगाबिट. भागाकार करा, जवळजवळ तीन तास होतात. आणि आमच्या होस्टेलचं लॉगिन दोन तासांनी आपोआप संपतं! फाईल कधीच पोचणार नव्हती. हा भागाकार मी मेसच्या पायरीवर करू शकलो असतो. केला नाही, कारण दोष नेटवर्कमध्ये असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नेटवर्क माझं होतं ना.

राहून गेलेल्या तीन भागांपैकी एकात धानखरेदीच्या नावनोंदणीची तारीख होती. बहुतेकांना ती दुसरीकडून कळली. दोन घरांना कळली नाही.

याच विषयावर आपल्या देशात २०१५ साली केवढं रान उठलं होतं, हे आपल्यापैकी अनेकांना शाळेत असल्यामुळे आठवत नसेल. त्या वर्षी २७ मार्चला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ११८ पानांचा एक मसुदा लोकांपुढे ठेवला आणि वीस प्रश्न विचारले. भाषा अशी किचकट, की आपली युनिव्हर्सिटीची प्रश्नपत्रिका सोपी वाटावी. काही स्वयंसेवकांनी त्याचं सोप्या भाषेत रूपांतर केलं, उत्तरं कशी पाठवायची ते सांगितलं, आणि दहा लाखांच्या वर ईमेल ट्रायकडे गेले. त्याच एप्रिलमध्ये एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ आणलं. अ‍ॅपवाल्या कंपनीने पैसे भरायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला ते अ‍ॅप फुकट. त्यातून फ्लिपकार्टने आठवड्याभरात अंग काढून घेतलं.

पुढची लढाई ‘फ्री बेसिक्स’ची. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या नेटवर्कवर काही निवडक साइट्स फुकट द्यायच्या, बाकीच्यांना पैसे. पानभर जाहिराती आल्या, गरिबांना इंटरनेट मिळतंय तर तुम्ही का अडवताय, असा सूर. हा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. उपाशी माणसाला अर्धी भाकरी मिळत असेल, तर पूर्ण ताटाच्या गप्पा मारणारे आपण कोण? पण भाकरी कुणाच्या घरची, हे वाढणाराच ठरवणार होता. त्या योजनेत साइट घालायची तर अटी होत्या. व्हिडिओ नको, इंटरनेटवरून कॉल नको, फाईलची देवाणघेवाण नको, जड फोटो नकोत. आमच्या ज्युनियरची ‘बडबड’ यात कुठे बसली असती? आणि ज्या गावात फुकट तेवढंच इंटरनेट, तिथे बाकीचं जग म्हणजे पुन्हा ‘इतर’.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला. मजकूर कोणता आहे हे बघून डेटाचा दर वेगवेगळा लावायचा नाही. मोडलात तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. आणीबाणीच्या सेवांना सूट ठेवली. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतलं. वेगाच्या बाबतीतला भेदभावही चालणार नाही, ही अट २०१८ साली कंपन्यांच्या परवान्यांत घालण्यात आली. अमेरिकेत मात्र हा झोपाळा झाला. २०१५ ला नियम केले, २०१७ ला काढले, २०२४ ला परत आणले आणि २ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने रद्द केले. चार सेमिस्टरमध्ये चार सिलॅबस!

यावर आमच्या रूममध्ये जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, आता तारेची काळजी कशाला? लोक बातमी बघतात ती दोनतीन मोठ्या अ‍ॅपवर, आणि तिथे कुणाचं वर दाखवायचं हे त्या कंपनीचं गणित ठरवतं. ट्रायचा नियम त्याला हातही लावत नाही. खरं आहे, माझ्याकडे याला उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की अ‍ॅप नाही आवडलं तर स्वतःचा सर्व्हर घेऊन बसण्याची वाट निदान उरते, ज्युनियरने घेतली तशी. तार बिघडली तर तीही उरत नाही.

आता नेटवर्कवाल्यांसाठी कामाची गोष्ट. गर्दी ही खरीच असते. ५० एमबीपीएसमध्ये तीनशे पोरं बसवायची तर काहीतरी नियम लागतोच. काहीच करू नका, असं सांगणारा माणूस रात्री दहाला आमच्या होस्टेलला आलेला नाही. प्रश्न एवढाच, की नियम ‘काय पाठवतोय’ हे बघून करायचा की ‘किती पाठवतोय’ हे बघून. मी तिन्ही रांगा काढून टाकल्या आणि लिनक्समधलं ‘केक’ नावाचं शेड्यूलर लावलं. २०१८ पासून ते कर्नेलमध्येच येतं. ते आधी माणशी सारखे भाग पाडतं, मग त्या भागातून त्याच्या जोडण्यांना वाटून देतं. म्हणजे एखाद्या टोरेंटवाल्याने पन्नास जोडण्या उघडल्या तरी त्याला तुकडा एकच. पूर्वी एकूण जोडण्यांवर वाटणी व्हायची, त्यामुळे ज्याचे हात जास्त त्याला केक जास्त! गर्दीच्या वेळी शंभर जण असतील तर प्रत्येकाला अर्धा एमबीपीएस. ४० एमबीची फाईल सुमारे अकरा मिनिटांत जाते. ज्याला लेक्चर बघायचंय त्याने त्यात लेक्चर बघावं, ज्याला क्रिकेट बघायचंय त्याने क्रिकेट.

सगळे खूश झाले का? छे. क्रिकेटवाले चिडले, कारण आधी त्यांची साइट माझ्या यादीत होती. लेक्चरचा व्हिडिओही गर्दीत आता हाय क्वालिटीत चालत नाही, कमी करून बघावा लागतो. एक मित्र तर म्हणाला, तुझ्या त्या एका ज्युनियरपायी आम्ही का सोसायचं? त्याचा राग मी समजू शकतो. पण त्याचा हिशोब चुकीचा आहे. ‘इतर’मध्ये त्या रात्री आणखी कोण कोण होतं हे मलाही माहीत नाही. एकाला एसटी स्टँडवर योगायोगाने कळलं, इतकंच.

गेटवेचे नियम आता आम्ही कागदावर छापून मेसच्या नोटीस बोर्डावर लावतो. बदल केला, की तारीख टाकून नवा कागद. बहुतेक पोरं वाचत नाहीत, ज्युनियर वाचतो. कार्यक्रम पुन्हा सुरू झालाय. दर्जाही परत वाढवला, आजीचा आवाज आजीसारखा येतो.

गेल्या आठवड्यात सरांनी विचारलंय, की निदान परीक्षेचे पंधरा दिवस लेक्चरना वेगळी रांग देता येईल का. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, बॅकलॉगवाली पोरं खरंच अडचणीत असतात. सोमवारी कमिटीची बैठक आहे. मी ज्युनियरलाही बोलावलंय. येतो म्हणाला, पण शुक्रवारची फाईल चढल्यावर बोलू, असंही म्हणाला.